जहाज उशिरा आलं, पेरणी वेळेवर झाली

मराठवाड्याला समुद्र नाही. लातूरहून पश्चिमेला सरळ रेघ ओढली तर अरबी समुद्र पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, नांदेडहून साडेचारशेच्याही पुढे. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिला आहे तो फक्त मोबाइलवर. तरीही नांदेड, कंधार, उदगीर, औसा अशा गावांतल्या जुन्या मोहल्ल्यांत चौकशी केली, तर आठ-दहा दिवस भर समुद्रात काढलेलं एखादं म्हातारं माणूस अजून भेटतं. विहीर, तळं आणि पावसाळ्यात फुगणारी नदी एवढंच पाणी ठाऊक असलेली ही माणसं लाल समुद्र पार करून आलेली असतात. कारण १९९५ पर्यंत हाजींची जहाजं मुंबईहून जिद्दाला जात होती.

हजला जाण्याविषयी पुष्कळ लिहिलं जातं. निघताना काय सोबत घ्यावं, कोणत्या दुआ पाठ कराव्यात, कुठे किती दिवस मुक्काम असतो, याची पुस्तकं घरोघरी आहेत. परतीविषयी मात्र कोणी फारसं लिहीत नाही. फर्ज अदा झालं की गोष्ट संपली, असं आपण धरून चालतो. पण जहाजाच्या काळात परतीचा प्रवास हीच एक मोठी परीक्षा असायची. परदेशात निवृत्त झालेले नवरा-बायको स्वतःची शिडाची होडी घेऊन निघतात आणि वादळ, बिघाड, आजारपण सोसत महिनोन्महिने उशिरा घरी पोचतात, अशा हकिकती अधूनमधून वाचायला मिळतात. आमच्या खाला-खालूंकडे स्वतःची होडी नव्हती, डेकवरची दोन माणसांची जागा होती. पण घरी पोचायला लागलेला उशीर आणि वाटेतल्या अडचणी यांत ते कुणाला हार जाणारे नाहीत. त्या उशिरामुळे घरात काय घडलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं नांदेडहून औशाला निघालो. आम्ही दोघंही शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवणारे, त्यामुळे लांबचा प्रवास सुट्टीतच जमतो. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत रस्ता लातूरला येतो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, सोयाबीन निघून गेलेली रानं, मधूनच उभी तूर. कुठे हरभऱ्याची पेर झालेली, कुठे चाललेली. लातूर ओलांडून वीसेक किलोमीटर गेलं की औसा. गावाला लागूनच खंदक असलेला भुईकोट किल्ला आहे. बहमनी, निजामशाही, मोगल, निजाम अशा सगळ्या राजवटी या किल्ल्याने पाहिल्या.

खालू आता नव्वदीच्या घरात आहेत. औशाच्या उर्दू शाळेतून ते १९९२ मध्ये निवृत्त झाले. ऐकू कमी येतं, पण हिशोब पक्का आहे. खाला आठ वर्षांनी लहान. त्यांचं कान, डोळे आणि जीभ तिन्ही शाबूत. दोघं मिळून गोष्ट सांगतात तेव्हा खालू तारखा सांगतात आणि खाला माणसं.

मोसमी वाऱ्याचं वेळापत्रक

गोष्टीच्या आधी थोडं हवामान समजून घ्यावं लागेल. आपलं हिजरी वर्ष चंद्राचं, म्हणून हज दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. अरबी समुद्राचं वेळापत्रक मात्र सूर्याचं. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा मोसमी वारा वाहतो. आपल्या शेतावर पाऊस घेऊन येणारा तोच वारा सोमालियाच्या किनाऱ्यापासून मुंबईपर्यंतचा समुद्र खवळून टाकतो. हज हिवाळ्यात आला तर जहाज शांत पाण्यावरून येतं. पावसाळ्याच्या तोंडाशी आला तर परतीची वाट त्या वाऱ्यातूनच काढावी लागते.

शिडाच्या जहाजांच्या काळात तर ही वेळ चुकली की कैक महिने गेलेच. बाबर बादशहाची मुलगी गुलबदन बेगम १५७६ मध्ये सुरतेहून शाही घराण्यातल्या स्त्रियांना घेऊन हजला गेली. वय पन्नाशीच्या पुढे. निघतानाच सुरतेत बराच काळ अडकून पडावं लागलं, कारण समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना चालत होता. परतताना एडनजवळ जहाज फुटलं आणि त्या परक्या किनाऱ्यावर महिनोन्महिने काढावे लागले. अखेर १५८२ मध्ये ती फतेहपूर सिक्रीला पोचली. बादशहाच्या आत्यालाही समुद्राने सवलत दिली नाही, मग औशाच्या मास्तरांना कुठून देणार?

वाफेची आणि पुढे तेलाची जहाजं आल्यावर काम सोपं झालं. मुंबईच्या मोगल लाइनची 'इस्लामी', 'मोहम्मदी', 'मुजफ्फरी', 'अकबर' ही नावं आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असायची. जिद्दा ते मुंबई हे अंतर सुमारे २३०० सागरी मैल, म्हणजे चार हजार किलोमीटरहून जास्त. जहाजाला साधारण आठ-दहा दिवस लागायचे. विमान होतंच, पण त्याचं भाडं लहान पगाराच्या माणसाला झेपत नसे. शेतकरी, बागवान, पिंजारी, प्राथमिक शिक्षक हे सगळे डेकवरचे प्रवासी.

आपल्या भागातून मुंबई गाठणंही सोपं नव्हतं. नांदेडची रेल्वे मीटर गेजची होती. मनमाडला उतरून, सामान डोक्यावर घेऊन, ब्रॉडगेजची गाडी धरावी लागे. लातूरची त्याहून लहान. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज, कुर्डुवाडीला मोठ्या रेल्वेला मिळायची. म्हणजे लातूरचा हाजी जाताना आणि येताना बैलगाडी किंवा एसटी, मग छोटी रेल्वे, मग मोठी रेल्वे आणि मग जहाज, अशा चार वाहनांतून जायचा.

जाताना एक दार बंद राहिलं

१९९३ मध्ये हज मेच्या अखेरीस होता. खालूंना निवृत्तीचा पैसा मिळाला होता. त्यांनी आधी धाकट्या मुलीचं लग्न उरकलं, मग उरलेल्या पैशांत दोघांचा फॉर्म भरला.

निघण्याआधी घरोघर जाऊन 'कहा-सुना माफ' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. खालू सगळीकडे गेले. किल्लारीच्या बाजूला त्यांचं मूळ गाव आहे. तिथे वडिलोपार्जित जमीन आणि धाकट्या भावाचं घर. दोघा भावांमध्ये सात वर्षं बोलणं नव्हतं. कारण नेहमीचंच, सामाईक विहिरीवरच्या पाण्याची पाळी. एका उन्हाळ्यात शब्दाला शब्द वाढला, आणि पुढे ईदलासुद्धा एकमेकांच्या दारात पाऊल पडलं नाही. खालू तिथेही गेले. भाऊ घरी नव्हता. भावजयीने पाणी दिलं आणि "शेतात गेले" असं सांगितलं. खालू तासभर ओट्यावर बसून परतले.

"शेतातच होता की नाही, अल्लाह जाणे," खालू म्हणतात.

"होता शेतातच," खाला म्हणतात. "नांगरट चालू होती की."

स्वतःच्या जमिनीचं काय, हा प्रश्न खालूंपुढे होताच. हिशोब असा होता की हज मेच्या अखेरीस, जहाज जूनच्या मध्यावर मुंबईत, आणि वाफसा आला की पेरणी. मृगात नाही जमली तर आर्द्रा तरी साधेल. मुलगा सोलापूरला नोकरीवर, त्याला रजा नव्हती. बियाण्याची पिशवी गावातल्या खोलीत ठेवून, दाराला कुलूप लावून ते निघाले. किल्ली जाताना भावजयीकडे दिली, कारण दुसरं जवळचं कुणी नव्हतं.

किब्ला मागे, घर पुढे

जिद्दाहून जहाज सुटलं तेव्हाच ठरल्या दिवसाला चार दिवस उलटून गेले होते. खालांना त्या चार दिवसांतला उकाडा अजून आठवतो. लाल समुद्रातही वारा नव्हता. लोखंडी डेक इतका तापायचा की चप्पल नसताना चालता येत नसे. लोक पाण्याने भिजवलेला रुमाल डोक्यावर ठेवून बसत.

नमाजाच्या वेळी भोंग्यावरून किब्ल्याची दिशा सांगितली जायची. जिद्दा सोडून जहाज दक्षिणेकडे वळलं तेव्हा किब्ला डाव्या हाताला होता. मग रोज थोडा थोडा मागे सरकत गेला. बाबुल मंदबच्या सामुद्रधुनीतून जहाज एडनच्या आखातात शिरलं आणि पूर्वेला वळलं, तेव्हा तो जहाजाच्या शेपटीकडे आला. पुढे मुंबईपर्यंत तसाच. खाला म्हणतात, "जहाज घर को जाता, और हम पीछे मुंह करके सज्दा करते. तब समझा की वो जगह छूट गई." हे सांगताना त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

सोकोत्रा बेटाच्या पुढे गेल्यावर समुद्राचा नूर पालटला. वारा नैर्ऋत्येचा आणि जहाज ईशान्येच्या अंगाने चाललेलं, म्हणून लाट मागून आणि उजव्या कुशीवर यायची. जहाज पुढे-मागे कमी आणि आडवं जास्त डोलायचं. वेग कमी करावा लागला. डेकवरची अर्धी माणसं आडवी झाली. जेवणाची रांग चौथ्या दिवशी निम्मीही उरली नाही. खाला मात्र ठणठणीत होत्या. बैलगाडीत जन्म गेलेल्या बाईला हेलकाव्यांचं काय, असं त्या म्हणतात. त्या आल्याचे तुकडे आणि लिंबाची फोड घेऊन आजारी बायकांमध्ये फिरायच्या.

त्याच दिवसांत खालू पडले. वुजू करून जिन्याने वर येत होते, जहाज कलंडलं, हात सुटला. डावं मनगट मोडलं आणि चष्मा समुद्रात गेला. जहाजावर डॉक्टर होते, त्यांनी प्लॅस्टर घातलं. चष्म्यावर इलाज नव्हता. चाळीस वर्षं इतरांना वाचायला शिकवलेल्या माणसाला आता जेवणाचा कूपनही वाचता येईना. पुढचा सगळा प्रवास खालांच्या डोळ्यांनी झाला. खाला चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या, आणि कुरआनशरीफ वाचताना उर्दूची ओळख झालेली. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी फॉर्म भरले, पाट्या वाचल्या, सामानावरचे नंबर ताडून पाहिले. "लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती," खालू सांगतात, "पण हिला इतकं येतं हे मला तेव्हा कळलं."

एका रात्री जहाजावर मौत झाली. कर्नाटकाकडची एक म्हातारी, बरोबर फक्त नातू. गुसल द्यायला बायका हव्या होत्या. खाला पुढे झाल्या. हलत्या जहाजावर दोघींनी मय्यतीला धरलं, दोघींनी पाणी घातलं. फजरनंतर डेकवर जनाज्याची नमाज झाली आणि कफनाला वजन बांधून म्हातारीला समुद्राच्या हवाली केलं. नातू सोळा-सतरा वर्षांचा होता. मुंबईपर्यंत तो खालांच्या बिछान्याशेजारीच झोपला. घरी जाऊन आईला काय सांगू, एवढंच विचारायचा.

दिवा दिसतो, पण उतरता येत नाही

मुंबई जवळ आली तेव्हा पाऊस कोसळत होता. कुलाब्याच्या टोकाला समुद्रात प्रॉन्ग्ज दीपगृह आहे. त्याचा दिवा दिसला तसे सगळे डेकवर गोळा झाले. कुणी रडलं, कुणी तकबीर म्हटली. पण तुफान पावसात आणि उसळत्या पाण्यात जहाज आत नेता येईना. एक रात्र नांगर टाकून थांबले. मग दुसरी रात्र. चार हजार किलोमीटर आल्यानंतर शेवटचे काही किलोमीटर सगळ्यांत जड गेले, असं खालू म्हणतात. समोर दिवा, बाजूला आजारी माणसं, पिशवीत संपत आलेली खजूर, आणि डोक्यात एकच हिशोब, की मृग संपला, आर्द्रा लागल्या.

तिसऱ्या दिवशी जहाज धक्क्याला लागलं. माझगावच्या यलो गेटपाशी हार घेऊन आलेल्या नातेवाइकांची झुंबड होती. खाला-खालूंसाठी मात्र कुणी नव्हतं. मुंबईतला एक भाचा तीन दिवस हेलपाटे घालून कामावर परतला होता. पण जाण्यापूर्वी त्याने एक चांगलं काम केलं होतं. गावातल्या एका दुकानात फोन होता, तिथे फोन करून त्याने जहाज लांबल्याचा निरोप ठेवला होता. ही गोष्ट खाला-खालूंना ठाऊक नव्हती.

साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात एक रात्र काढून दोघं रेल्वेत बसले. पावसाने घाटात दरड आली होती. गाडी कर्जतच्या आसपास तासन्‌तास उभी राहिली आणि कुर्डुवाडीला पोचेपर्यंत लातूरची छोटी गाडी निघून गेली होती. दुसरी गाडी दुसऱ्या दिवशी.

कुर्डुवाडीच्या फलाटावर त्या रात्री पाय ठेवायला जागा नव्हती. आषाढी एकादशी तीन-चार दिवसांवर आली होती. पंढरपूरला जाणारी नॅरोगेजही तेव्हा इथूनच सुटायची, म्हणून सगळा फलाट वारकऱ्यांनी भरलेला. खालांनी एका खांबाजवळ वळकटी टाकली आणि त्यांच्या लक्षात आलं की वळकटी ओली आहे. पाऊस नव्हे, जमजम. डाग देऊन बंद केलेले दोन पत्र्याचे डबे त्यांनी आणले होते. खाऱ्या हवेने एकाचा सांधा गंजला होता.

खालू हळहळले. खालांनी मात्र लगेच पितळी पेला काढला. वाहून जाऊ देण्यापेक्षा पिऊन घेतलेलं बरं. आधी स्वतः दोघं प्याले, मग शेजारच्या हमालाला दिलं, मग बाजूला बसलेल्या बार्शीकडच्या एका वारकरी जोडप्याला. म्हाताऱ्या माउलीने विचारलं, "कुठलं तीर्थ बाई?" खालांनी सांगितलं. तिने हात जोडून पेला घेतला आणि आपल्या फडक्यातले धपाटे यांच्यापुढे ठेवले. जहाजावरच्या बेचव खाण्यानंतर दहा-बारा दिवसांनी तोंडाला ज्वारीची चव लागली. खाला म्हणतात, "घर उधरच आ गया था, आधा."

लातूरच्या फलाटावर

दुसऱ्या दिवशी छोटी गाडी निघाली. बार्शी, येडशी, ढोकी, मुरूड. ज्यांनी ही गाडी पाहिली आहे त्यांना तिचा वेग सांगायला नको. येडशीच्या चढाला ती माणसासारखी दम खायची. पण खालू त्या दिवशी दारातच उभे होते. नीट दिसत नव्हतं, तरी शेतं हिरवी झाली आहेत एवढं कळत होतं. पेरून उगवलेल्या ओळी. सगळ्यांची पेरणी झाली होती. उशिरा पेरलेल्या मुगा-उडदाला पुढे काय मिळतं, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावं लागत नाही. पेन्शन अजून सुरू झालेली नव्हती आणि त्या वर्षीचा घरखर्च त्या जमिनीवर अवलंबून होता.

लातूरला गाडी थांबली. खाला आधी उतरल्या. समोर डोक्याला रुमाल बांधलेला एक माणूस उभा होता, दाढी वाढलेली, कपडे चुरगळलेले. त्यांनी ओळखलं, पण बोलल्या नाहीत. खालूंना नीट दिसत नव्हतं. त्यांनी हमाल समजून वळकटी पुढे केली. त्या माणसाने वळकटी खांद्यावर घेतली आणि म्हणाला,

"पेर दिया भाईजान. तुम्हारा बीज कम पडा, तो मेरे में का डाल दिया."

सात वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. खालूंचं एक मनगट प्लॅस्टरमध्ये होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी भावाचा खांदा धरला आणि फलाट रिकामा होईपर्यंत सोडला नाही.

नंतर कळलं ते असं. मुंबईच्या भाच्याचा निरोप दुकानातून धाकट्या चाचांकडे गेला. दोन चांगले पाऊस झाले, वाफसा आला. किल्ली घरातच होती. चाचांनी कुलूप उघडलं, बियाण्याची पिशवी काढली आणि आधी भावाच्या रानात तिफण घातली, मग स्वतःच्या. त्यानंतर लातूरला आले आणि तीन दिवस येणारी प्रत्येक गाडी पाहिली. रात्री स्टेशनातच झोपले. जहाज वेळेवर आलं असतं तर खालूंनी स्वतः पेरलं असतं. दोघा भावांच्या रानांमधला बांध तसाच राहिला असता आणि बोलणंही तसंच बंद.

आम्ही खालूंना विचारलं, त्या दिवशी चाचांनी माफी मागितली का? किंवा तुम्ही?

"माफी कसली?" खालू म्हणाले. "मी हजला जाताना त्याच्या दारात गेलो होतो. तो स्टेशनवर आला. झालं."

उरलेला एक डबा जमजम औशात पोचला. एका डब्यात सगळा मोहल्ला, शाळेतले जुने सहकारी, शेजारचे मारवाडी दुकानदार, गावाकडची माणसं. खालांनी चहाच्या चमच्याने वाटलं.

सप्टेंबर

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं होतं. दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. पुढे ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या आमच्या पिढीच्या माणसांना ती पहाट विसरता येणार नाही.

चाचांचं घर पडलं. घरातली माणसं अल्लाहच्या मेहरबानीने ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. चाचांची म्हातारी सासू मात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सात माणसं खालूंच्या औशातल्या तीन खोल्यांमध्ये आली. नवं घर मिळेपर्यंत तिथेच राहिली. त्या वर्षीची मुगाची रास आधीच झाली होती. हायब्रीड ज्वारी दोन्ही रानांत काढणीला आलेली होती, ती दोघा भावांनी एकत्र काढली आणि एकाच घरात ठेवली. मे महिन्यात जे एकमेकांच्या दारात जात नव्हते, ते ऑक्टोबरमध्ये एका चुलीवर जेवत होते. अबोला टिकून असता तर ती सात माणसं बहुधा तंबूत गेली असती, मोठ्या भावाच्या दारात आली नसती. असं चाची आजही म्हणतात.

आता

जहाजं १९९५ मध्ये बंद झाली. नंतर सगळे विमानाने जाऊ लागले. सरकारी अनुदानही २०१८ मध्ये थांबलं. त्याच वर्षी जहाज पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली होती, पण ते अजून सुटलेलं नाही. आज मुंबईहून जिद्दाला साधारण पाच तास लागतात. नांदेड आणि लातूरला थेट ब्रॉडगेज आली. कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीची जागा मोठ्या गाडीने घेतली. आपल्या म्हाताऱ्या माणसांना आता दोन-दोन रात्री पावसात भिजत समुद्रावर थांबावं लागत नाही, मनगटं मोडत नाहीत, नातवाला आजीला पाण्यात सोडून यावं लागत नाही. यासाठी अल्लाहचे जितके शुक्र मानावेत तितके कमी. जुनं सगळं चांगलं होतं असं आम्हाला मुळीच म्हणायचं नाही. खालाही तसं म्हणत नाहीत. पुन्हा जहाजाने जाल का, असं आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावले.

पण एक गोष्ट बदलली आहे, तिचा विचार करायला हवा. पूर्वी हाजी तीन-चार महिने घराबाहेर असे, आणि त्याची शेती, जनावरं, म्हातारे आईवडील, शाळेत जाणारी मुलं हे सगळं कुणाला तरी सांभाळावं लागे. त्यामुळे जाण्याआधीची माफी नुसती रीत राहत नसे. ज्याच्या भरवशावर घर सोडायचं, त्याच्याशी भांडण ठेवून जाता येत नव्हतं. आणि मागे राहिलेल्यालाही काही करून दाखवायची संधी मिळे. आता आपण व्हॉट्सॲपवर एकच संदेश दोनशे जणांना पाठवतो, 'काही चुकलं असेल तर माफ करा.' ज्याच्याशी खरोखर चुकलेलं असतं, तोही त्या दोनशेंतला एक असतो.

म्हणून या वर्षी तुमच्या घरातून कुणी जात असेल, तर एक करा. संदेश पाठवाच, पण ज्या एका दारात पाऊल पडत नाही त्या दारात स्वतः जा. घरात माणूस नसेल तर ओट्यावर बसा, पाणी प्या, आणि जमलं तर एखादी किल्ली ठेवून या. मागे राहणाऱ्यांनीही नुसतं हार घेऊन विमानतळावर जाण्यापेक्षा, गेलेल्याचं कोणतं काम आपल्याला उरकता येईल ते पाहावं. मुलांच्या फीची तारीख असेल, औषधं असतील, रानातली खुरपणी असेल.

आणि तुमच्या मोहल्ल्यात जहाजाने गेलेले हाजी अजून हयात असतील तर त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. कसे गेलात हे ते आपणहून सांगतील. कसे परतलात, हे मात्र तुम्ही विचारा.